बोलकी बंदूक

दिवाळीच्या दिवसांत मराठीच्या प्राध्यापकाने कायद्याच्या वाटेला जाऊ नये, हे मला कळते. आमचा अधिकार फार तर शुभेच्छापत्रांतल्या ऱ्हस्व-दीर्घापर्यंत. पण वाचकहो, गेल्या दिवाळीत एक खटला माझ्या पुढ्यात आला, आणि तोही घरचा. घरच्या खटल्यात तारीख मागून सुटका होत नाही!

आईला भाऊबिजेसाठी घेऊन मी दिंडोरी तालुक्यात मामांकडे गेलो होतो. मामांचे द्राक्षांचे मळे रस्त्याच्या अंगाला आहेत आणि मागे ओढ्याकाठी मक्याचे शेत. त्या मक्यावर रानडुकरांचा डोळा. म्हणून मामांपाशी बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, रीतसर पीकसंरक्षणाच्या परवान्याची. मामा डुकरे मारीत नाहीत. रात्री बांधावर उभे राहून रानाच्या दिशेने एक बार काढायचा, की कळप ओढ्यापलीकडे. गेली चाळीस वर्षे हा क्रम चालू आहे.

या चाळीस वर्षांत डुकरांचे काही बिघडले नाही. बिघडला तो मामांचा डावा कान. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावाच कान आधी जातो, असे नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितले. मान कलली की उजवा कान खांद्याच्या आडोशाला जातो आणि डावा नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. शिवाय आधी जातात ते बारीक, उंच आवाज. स, श, फ ही मंडळी शब्दांतून हळूच उठून जातात. मी 'साखर' म्हणावे आणि मामांनी 'आखर' ऐकावे. वर्णमालेला लागलेली ही गळती पाहून माझ्यातला मास्तर आधी हसला. मग मात्र हसू आले नाही, कारण उंच आणि बारीक आवाज म्हणजे मुलांचा आवाज.

माझा धाकटा मामेभाऊ अमेरिकेत, टेक्सासात असतो. त्याची सहा वर्षांची मुलगी दर रविवारी फोनच्या पडद्यावर आजोबांशी बोलते. आजोबा हसून 'हो, हो' म्हणतात. ती म्हणाली, 'आजोबा, मी पडले', तरी 'हो, हो'. शेवटी तिने बापाला विचारले, "आजोबा माझ्याशी खरं का बोलत नाहीत?"

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. आत मामी आणि आई ओवाळणीचे तबक लावीत होत्या. तो म्हणाला, "दादा, बाबांचा कान त्या बंदुकीनं खाल्ला. तिकडे लोक बंदुकीला सायलेन्सर लावतात. १९३४ च्या कायद्यानं त्यावर दोनशे डॉलर कर होता. यंदा जुलैत नवा कायदा झाला, जानेवारीपासून तो कर शून्य. आणि आपल्याकडे? तू लिहितोस ना? मग लिही, हा कायदा बदला म्हणून!"

खरे सांगायचे, तर मला सायलेन्सर ठाऊक तो मोटारसायकलचा. कॉलेज रोडवर संध्याकाळी फटफटीचे सायलेन्सर बदलून पोरे जो गडगडाट करतात, तो माझ्या व्याकरणाच्या तासापेक्षा दूरवर ऐकू जातो. तरीही मी शब्द दिला, आणि नाशिकला परतल्यावर पुस्तके काढून बसलो.

पहिलीच गंमत अशी निघाली, की बंदुकीचा सायलेन्सर आणि मोटारीचा सायलेन्सर एकाच घरचे. अमेरिकेतल्या हायरम पर्सी मॅक्झिम नावाच्या इंजिनियराने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि पुढे मोटारींचा आवाज दाबणारी यंत्रेही त्याने केली. त्याचा बाप म्हणजे मॅक्झिम मशीनगनचा जनक. आपल्याच तोफांच्या कडकडाटाने तो बाप बहिरा झाला होता. बाप बंदुकीपायी बहिरा आणि मुलगा सायलेन्सर हाती घेऊन उभा! मला आमची ओसरी आठवली.

घर एक, पण आपल्या कायद्याने या दोन भावंडांची वाटणी मोठी चमत्कारिक केली आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे प्रत्येक गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे. उलट १९५९ च्या शस्त्र अधिनियमात, कलम २ मध्ये, 'अग्निशस्त्र' कशाला म्हणावे हे सांगताना, बारचा आवाज किंवा झोत कमी करणारे साधनही त्यातच घातले आहे. म्हणजे ती नुसती नळी हाती असली, तरी कायद्याच्या लेखी बंदूकच हाती आहे. एकाला सक्ती आणि दुसऱ्याला जवळजवळ वनवास!

याआधीचा कायदा १८७८ चा, लिटनसाहेबाच्या अमदानीतला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना हवा आणि गोऱ्याला सूट, असा त्याचा न्याय. शस्त्रकायदा म्हटला की आपल्या जुन्या पिढीच्या कपाळाला आठी पडे, ती यामुळे. स्वतंत्र हिंदुस्थानाने कायदा नव्याने लिहिला, आणि तो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. तेव्हा सायलेन्सरवरचे बंधन हा साहेबाच्या धाकाचा अवशेष नव्हे. आपल्याच लोकसभेने विचारपूर्वक घातलेले ते कुंपण आहे.

आता धाकट्याची बाजू. सिनेमात सायलेन्सरची बंदूक 'फुस्स' म्हणते आणि माणूस मुकाट्याने पडतो. ते सारे खोटे. बंदुकीचा बार दीडशे डेसिबलच्या आगेमागे असतो. सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. आपल्याकडे फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा १९९९ साली ठरली. मोजण्याच्या रीती वेगळ्या, पण ढोबळ मानाने सायलेन्सर लावलेली बंदूक म्हणजे आपला कायदेशीर सुतळी बॉम्ब! नॉर्वेसारख्या देशांत शिकाऱ्याने तो लावणे ही रोजची गोष्ट आहे, आणि तिथे त्याने कोणी दचकत नाही. तेव्हा धाकटा कानांविषयी बोलतो ते चूक नाही. मी निम्मा लेख त्याच्या बाजूने लिहूनही टाकला.

पण १९०९ हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. नाशिककराच्या जावे तरी कसा? त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री इथल्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. त्या नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुण मुलाने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात तो, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. गोल्फ क्लबचे मैदान आज त्याच्या नावाने आहे. त्या कृत्याची चर्चा शंभर वर्षे चालू आहे, ती मी इथे करीत नाही. मला एवढेच दिसले, की भरल्या नाट्यगृहात चार हातांवरून झाडलेल्या त्या गोळीला गुप्त राहायचेच नव्हते. केल्या कृत्याची किंमत द्यायला जो उभा आहे, त्याला सायलेन्सर लागत नाही. तो लागतो गोळी झाडून घरी जेवायला जाणाऱ्याला.

हा विचार घेऊन मी पुन्हा दिंडोरीला गेलो, आणि मामांच्या उजव्या बाजूला बसून, मोठ्याने, त्यांना सारी हकीकत सांगितली. मामा मनापासून हसले.

"अरे, ती बंदूक मी आवाजासाठीच तर ठेवली! आवाज नाही, तर डुकरं काय माझ्या मिशीला भिणार?" मग थोडे थांबून म्हणाले, "आणि दुसरं असं, की मी बार काढला की सगळ्या शिवाराला कळतं. मळ्यातला गडी म्हणतो, मामांचा बार. रात्री भलतीकडं बार झाला, तर चार माणसं कंदील घेऊन बाहेर येतात. मुकी बंदूक झाली, तर कोण येईल?"

एवढी साधी गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. परवाना कपाटात असतो, पण बंदुकीचा खरा हिशेब शिवार ठेवते, आणि तो ठेवते कानांनी. नॉर्वेतल्या शिकाऱ्याच्या आसपास कोसभर वस्ती नसेल. आमच्या तालुक्यात बांधाला बांध आणि घराला घर लागलेले आहे. इथे बारचा आवाज ही शेजाऱ्याला दिलेली वर्दी आहे. ती दाबण्याची सोय बाजारात मिळू लागली, तर तिचा पहिला गिऱ्हाईक माझा मामा नसेल. अमेरिकेनेसुद्धा कर उठवला, पण नोंदणी त्या कायद्याने उठवली नाही, हे धाकट्याने मला सांगायचे राहून गेले होते.

मग मामांच्या कानाचे काय? त्याचे उत्तर बंदुकीच्या तोंडाशी नाही, माणसाच्या कानाशी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. त्यातला पहिला धडा कानांचा असावा, आणि ज्यांचे परवाने बापजाद्यांपासून चालत आले आहेत, त्यांनाही नूतनीकरणाच्या वेळी तो द्यावा. कायद्यात बदल हवा असेल, तर हा हवा. कान झाकणारी टोपणे काही दोनशे डॉलरांची नसतात. मी नाशिकहून नेली, ती मामांच्या एका पेटी द्राक्षांहून फार महाग पडली नाहीत.

धाकट्याला हे सारे कळवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पण गेलेला कान?"

गेलेला कान परत येत नाही. माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते, आजही नाही. पण आता बंदुकीच्या खुंटीलाच टोपणेही टांगलेली असतात. मामी ती घातल्याशिवाय त्यांना बांधावर जाऊ देत नाही. रविवारी मामा उजव्या कानात श्रवणयंत्र घालून फोनपुढे बसतात. नात सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलते. परवा ती म्हणाली, "आजोबा, मी पडले."

मामांनी विचारले, "कुठं लागलं?"