सातवा दिवस कोणता?

रविवारी सकाळी दादरच्या गोखले रोडवरून कधी गेलात, तर पोर्तुगीज चर्चपाशी प्रार्थनेला आलेल्या माणसांची ये-जा दिसेल. गिरगावातल्या चर्चमध्येही तेच. ख्रिस्ती म्हटलं की रविवार, हे आपण अगदी गृहीत धरलेलं असतं. कुणी म्हणालं, ‘आम्ही ख्रिस्ती, पण आमची प्रार्थना शनिवारी असते,’ तर आपण पटकन म्हणू, ‘काहीतरीच काय!’

पण असे ख्रिस्ती आहेत बरं का! आणि लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात स्पायसर नावाचं कॉलेज आहे. १९४२ साली ते बंगलोरहून पुण्याला आलं आणि २०१४ साली त्याचं विद्यापीठ झालं. ते चालवणाऱ्या पंथाचं नाव आहे ‘सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट’. सेव्हन्थ डे म्हणजे सातवा दिवस. मग सातवा दिवस कोणता? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. पहिला वार रविवार आणि शेवटचा शनिवार. मोजा बोटांवर. सातवा शनिवारच येतो की नाही?

आता या सातव्या दिवसाचं एवढं महत्त्व कशासाठी? बायबलमध्ये मोशे नावाच्या ज्यू पुढाऱ्याची गोष्ट आहे. देवाने त्याच्यामार्फत लोकांना दहा आज्ञा दिल्या. त्यांतली एक अशी, की सहा दिवस कामं करावीत आणि सातव्या दिवशी थांबावं. कारण देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. गंमत म्हणजे ही सुट्टी फक्त मालकाला नाही. नोकरचाकर, दारी आलेला परका माणूस, इतकंच काय, गुरंढोरं, सगळ्यांनाच ती द्यायची! या दिवसाला म्हणतात शब्बाथ. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच ‘थांबणं’.

ज्यू लोक हा शब्बाथ हजारो वर्षं शनिवारी पाळत आले आहेत. आपल्या कोकणातले बेने इस्रायली हेही ज्यूच. ते तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. शेजारी सोमवारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ही होते. शनिवारी तेल मिळायचं नाही, हे गावाला ठाऊक होतं. कुणाचं काही अडत नव्हतं. पुढे हे लोक मुंबईत आले आणि १७९६ साली मांडवीला त्यांनी आपलं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं.

येशू ख्रिस्त स्वतः ज्यू होता. तोही शनिवारीच शब्बाथ पाळायचा. मग ख्रिस्ती लोकांचा रविवार आला कुठून?

त्याचीही गोष्ट बायबलमध्येच आहे. येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवलं आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो पुन्हा जिवंत झाला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या आनंदाची आठवण म्हणून ते रविवारी एकत्र जमू लागले. त्याला ‘प्रभूचा दिवस’ म्हणू लागले. पुढे इ.स. ३२१ मध्ये रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने हुकूम काढला, की शहरांत रविवारी कामं बंद ठेवावीत. शेतकऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. त्याच शतकात लाओडिसिया गावी धर्मगुरूंची सभा भरली. शनिवारी विसावा घेऊ नका, काम करा आणि रविवारला मान द्या, असं तिने ठरवलं. आता विचार करा, मनाई कशाची करावी लागते? जे लोक करत असतात त्याचीच! म्हणजे तेव्हाही काही ख्रिस्ती शनिवार पाळत होते. इथिओपियाच्या जुन्या चर्चने तर शनिवार आणि रविवार दोन्हींचा मान राखला.

पोर्तुगीज भाषेत या दोन्ही दिवसांच्या खुणा आजही सापडतात. तिथे रविवारला म्हणतात ‘दोमिंगु’, म्हणजे प्रभूचा दिवस. सोमवारच्या नावात ‘दुसरा’ हा शब्द आहे. आणि शनिवार? ‘साबादु’. म्हणजे शब्बाथच! अरबी भाषेतही शनिवारचं नाव शब्बाथवरूनच आलं आहे.

पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही ख्रिस्ती लोकांनी बायबल पुन्हा बारकाईने वाचलं. त्यांना प्रश्न पडला, देवाने सातवा दिवस सांगितला, मग तो बदलून पहिला करा असं त्याने कुठे म्हटलंय? हाच प्रश्न अमेरिकेत रेचल ओक्स नावाच्या बाईने १८४४ च्या सुमारास एका लहानशा गावातल्या लोकांपुढे ठेवला. ते लोक येशूच्या पुन्हा येण्याची वाट बघत होते. ॲडव्हेंट म्हणजे आगमन, म्हणून ते ॲडव्हेंटिस्ट. त्यांतल्या काहींना बाईंचं म्हणणं पटलं. १८६३ साली त्यांची रीतसर संस्था झाली. आज जगभरात तिचे दोन कोटींहून जास्त सभासद आहेत.

त्यांचा शनिवार सुरू होतो तो मात्र शुक्रवारी! सूर्य मावळला की शब्बाथ लागला आणि शनिवारी सूर्य मावळला की संपला. म्हणजे मुंबईत डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास, तर जूनमध्ये सातनंतर. त्याआधी स्वयंपाक, झाडलोट, बाजारहाट उरकायचा. मग प्रार्थना, बायबलचा अभ्यास, आजाऱ्याची विचारपूस. दुकान नाही, धंदा नाही. डॉक्टर आणि नर्स मात्र कामावर जातात, कारण दुखणं काही वार बघून येत नाही.

वाचायला हे सोपं वाटतं. पण बाकी सगळं गाव ज्या दिवशी कामावर जातं, त्या दिवशी थांबायचं म्हणजे कठीणच. अमेरिकेतल्या ॲडेल शरबर्ट या कापड गिरणीत काम करायच्या. तिथे पस्तीस वर्षं नोकरी झाली होती. १९५७ साली त्या ॲडव्हेंटिस्ट झाल्या. तेव्हा गिरणी पाच दिवस चालायची, त्यामुळे अडचण नव्हती. १९५९ साली गिरणीने शनिवारीही काम सुरू केलं. बाई म्हणाल्या, ‘शनिवारी येणार नाही.’ नोकरी गेली. सरकारकडून बेकारांना मिळणारा भत्ताही नाकारला गेला. त्या कोर्टात गेल्या आणि १९६३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. धर्म की पोट, यांतलं एकच निवड, असं सरकारने माणसाला सांगू नये, हा त्या निकालाचा सारांश.

कापड गिरणी म्हटल्यावर लालबाग-परळच्या मुलांना आपलं गिरणगाव आठवेलच. तुमच्या पणजोबांच्या आधीच्या काळात इथल्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केलं आणि रविवारची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना सांगितलं म्हणतात. सहा वर्षं झगडल्यावर १० जून १८९० ला ती मिळाली. म्हणजे तुमच्या-आमच्या रविवारच्या सुट्टीसाठीसुद्धा कुणाला तरी मागणी करावी लागली होती!

मग समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी शनिवार पाळतात आणि परीक्षेचा पेपर नेमका शनिवारी आला, तर? तुम्ही म्हणाल, नियम सगळ्यांना सारखा. बरोबर आहे. पण शाळेचा पेपर सहसा रविवारी येत नाही, म्हणून बाकीच्यांवर ही पाळी सहसा येत नाही, हेही खरं ना? दक्षिण कोरियात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वकिलीच्या शिक्षणासाठी प्रवेश घेणाऱ्या एका ॲडव्हेंटिस्ट उमेदवाराची मुलाखत शनिवारी होती. वेळ बदलून मागितली, ती विद्यापीठाने दिली नाही. २०२४ साली न्यायालयाने सांगितलं, की इतरांचं नुकसान होत नसेल तर एवढी सोय करून द्यायला हवी होती.

शनिवार बरोबर की रविवार, हा वाद ख्रिस्ती लोक आपसांत सोळाशे वर्षांहून जास्त काळ घालत आहेत. तो आपण इथे सोडवायला नको. आपल्याला जमेल ते साधंच आहे. यंदा वर्गाची सहल किंवा स्नेहसंमेलनाची तालीम ठरवताना तारीख फळ्यावर लिहायच्या आधी एकदा विचारा, ‘या दिवशी कुणाला अडचण आहे का?’ कोकणातल्या गावाने शनिवारी तेलावाचून चालवून घेतलं. आपल्याला एक तारीख पुढेमागे करता येणार नाही?