देवमाणूस नको, दवाखाना हवा

खेड्यातील डॉक्टर हा आपल्या पांढरपेशा वाचकवर्गाचा मोठा आवडता नायक आहे. भर पावसात कंदील घेऊन ओढा ओलांडणारा, फीऐवजी अंडी नाही तर भाजीची जुडी आनंदाने स्वीकारणारा, साऱ्या गावाची गुपिते पोटात ठेवणारा हा डॉक्टर वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून दर दोन-चार महिन्यांनी अवतार घेतो. त्याला शाल-श्रीफळ मिळते, मंत्रिमहोदय त्याच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतात, आणि लेखाच्या शेवटी एक वाक्य हमखास येते : असे शंभर ध्येयवेडे डॉक्टर निर्माण झाले तर देशाच्या आरोग्याचा प्रश्न चुटकीसरशी सुटेल! हे वाक्य वाटते तितके निरागस नाही. खेड्यात डॉक्टर नाही याचा दोष सरकारच्या अंदाजपत्रकावरून उचलून तरुण डॉक्टरांच्या चारित्र्यावर टाकण्याचे काम ते चोख बजावते. सरकारने काय केले हे विचारायचे नाही. तुमच्या मुलांत त्याग उरला नाही, एवढेच ऐकून घ्यायचे.

या नायकाचे एक घराणे विलायती आहे. ए. जे. क्रोनिन हा स्कॉटिश डॉक्टर-कादंबरीकार आपल्याकडील दोन-तीन पिढ्यांनी आवडीने वाचला. त्याच्या १९३७ सालच्या ‘द सिटाडेल’ या कादंबरीवर विजय आनंद यांनी १९७१ मध्ये ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट काढला. क्रोनिनच्याच कथांवरून बी.बी.सी.ने १९६२ ते १९७१ या काळात स्कॉटलंडमधील एका काल्पनिक खेड्यातील डॉ. फिनले या तरुण डॉक्टराची मालिका दाखवली व ती अफाट लोकप्रिय झाली. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही मालिका घरात बसून पाहणाऱ्या स्कॉटिश खेडुताला आजारपणात डॉक्टराची फी द्यावी लागत नव्हती. १९२०-३० च्या दशकांतील गरिबीचे ते चित्र तो निर्धास्तपणे न्याहाळत होता, कारण ती गरिबी निदान दवाखान्याच्या दारापुरती मागे पडली होती. आम्ही मात्र ते चित्र आदर्श म्हणून भिंतीवर टांगले!

ती मागे कशी पडली हे पुरवण्यांतील लेख सांगत नाहीत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात आणि बेटांवर विसाव्या शतकाच्या आरंभी अशी अवस्था होती की रोग्याजवळ पैसा नाही, म्हणून डॉक्टराला उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून डॉक्टर नाही. १९१२ मध्ये ड्यूअर समितीने या मुलुखाची पाहणी केली. डॉक्टरांच्या अंगी सेवाभाव कमी आहे, असा निष्कर्ष समितीने काढला नाही. लोक फी देऊ शकत नाहीत, अंतरे अफाट आहेत, डॉक्टराला धड घर नाही, रजा घ्यावी तर बदली माणूस नाही, हे तिने लिहून ठेवले. त्यावरून १९१३ मध्ये सरकारने वर्षाला ४२,००० पौंडांचा निधी उभा केला. डॉक्टराला किमान उत्पन्नाची हमी आणि प्रवासखर्च मिळू लागला. रोग्याकडून घ्यायची फी मर्यादित झाली. पुढे ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाच्या हातून राष्ट्रीय आरोग्य सेवा साऱ्या ब्रिटनमध्ये सुरू झाली, तेव्हा स्कॉटलंडच्या या भागाला पस्तीस वर्षांचा अनुभव पाठीशी होता.

१९४८ मध्ये अमलात आलेल्या कायद्यातील एका तरतुदीकडे आमच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तोवर ब्रिटनमध्ये डॉक्टराची प्रॅक्टिस ही विकत घेण्याची वस्तू होती. म्हातारा डॉक्टर निवृत्त होताना आपले रोगी, म्हणजे त्यांच्याकडून अपेक्षित असलेले उत्पन्न, नव्या डॉक्टराला विकत असे. तो बिचारा कर्ज काढून ते घेई आणि पुढची कित्येक वर्षे ते फेडीत बसे. खोकणारा म्हातारा समोर आला की त्याच्या छातीबरोबर आपला हप्ताही त्याला ऐकू येत असला पाहिजे! कायद्याने ही विक्री बंद केली आणि त्याबद्दल डॉक्टरांना ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई देऊ केली. त्यांच्या संघटनेने आधी प्रचंड बहुमताने या साऱ्या योजनेला विरोध केला होता. पुढे बहुतेक सारे तिच्यात दाखल झाले. स्कॉटिश खेड्यातील डॉक्टर माणसासारखा जगू लागला आणि माणसासारखा वागू लागला, तो असा.

आता म्हैसूरकडे वळू. म्हैसूर मेडिकल कॉलेज १९२४ मध्ये स्थापन झाले आणि १९३० मध्ये बंगळूरहून म्हैसूर शहरात आले. त्या कॉलेजला जोडलेल्या कृष्णराजेंद्र रुग्णालयाला येथील जनता आजही ‘दोड्डास्पत्रे’, म्हणजे मोठा दवाखाना, म्हणते. शहराच्या मधोमध ही मोठी इमारत, आणि सुमारे पन्नास किलोमीटरांवर हेग्गडदेवनकोटे तालुक्याचे जंगल. तेथील जेनु कुरुब, बेट्ट कुरुब आणि यरव या आदिवासींना १९७३ मध्ये बंडीपूरला आलेल्या व्याघ्र प्रकल्पाने आणि १९७४ मध्ये पुऱ्या झालेल्या कबिनी धरणाने आपल्या जागेवरून उठवले. ज्यांचे मध, कंदमुळे आणि शिकार गेली त्यांच्या वाट्याला अर्धपोट मजुरी आली, आणि अर्धपोट मजुरीमागोमाग क्षय आणि पंडुरोग येतातच. डॉक्टर तेवढा आला नाही.

तो आला तेव्हा स्वतःहून आला. १९८१ मध्ये डॉ. एच. सुदर्शन हे बिळिगिरीरंगन टेकड्यांतील सोलिग आदिवासींमध्ये जाऊन राहिले. १९८४ मध्ये म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रह्मण्यम यांच्या पुढाकाराने स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट स्थापन केली आणि १९८७ मध्ये ते हेग्गडदेवनकोट्याच्या ब्रह्मगिरीत एका झोपडीवजा दवाखान्यात कामाला लागले. पुढे केंचनहळ्ळी आणि सरगूर येथे त्यांची रुग्णालये उभी राहिली. महाराष्ट्रातील वाचकांना जामखेडचे आरोळे दांपत्य, हेमलकशाचे आमटे आणि गडचिरोलीचे बंग यांच्यावरून या कामाची कल्पना येईल. या मंडळींनी जे केले त्यापुढे टीकेची लेखणी आपोआप थांबते, आणि थांबलीच पाहिजे.

पण सत्ताधारी वर्गाने या कामाचे काय केले? गुंबळ्ळीचे उदाहरण घ्या. यळंदूर तालुक्यातील हे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र १९९६ मध्ये डॉ. सुदर्शन यांच्याच करुणा ट्रस्टच्या स्वाधीन करण्यात आले. केंद्र सुधारले, यात संशय नाही. परंतु या सुधारणेतून दोन धडे निघू शकत होते. एक असा की, चोवीस तास माणूस हजर असला, औषधे असली आणि लाच बंद झाली तर सरकारी केंद्रही उत्तम चालते. तेव्हा सर्व केंद्रांत ही व्यवस्था करा. दुसरा असा की, सरकारला हे जमत नाही; तेव्हा केंद्रे वाटून टाका. जागतिक बँकेने १९९३ च्या आपल्या अहवालात आरोग्याला ‘गुंतवणूक’ म्हणून संबोधले होते आणि सरकारने थोडक्या सेवांपुरतेच पाहावे असा सल्ला दिला होता. त्या हवेत दुसराच धडा उचलला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. गुंबळ्ळीत सेवाभावी संस्था आली. पण एकदा दार उघडले की त्यातून कोण कोण आत येते? जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून देण्याचा मसुदाच पुढे ठेवला. संताच्या नावाने उघडलेल्या दारातून सावकार आत आला तो असा.

सावकार हा शब्द आम्ही रागाच्या भरात वापरलेला नाही. भारतातील पहिले खासगी वैद्यकीय महाविद्यालय १९५३ मध्ये मणिपाल येथे निघाले, आणि त्यानंतर कर्नाटकाने या धंद्यात देशाला धडे दिले. १९८४ मध्ये देणगी-शुल्काला बंदी घालणारा कायदा झाला खरा, परंतु १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात काय बाहेर आले? त्याच कायद्याच्या आधारे काढलेल्या सरकारी आदेशान्वये खासगी महाविद्यालये सरकारी जागेसाठी वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांकडून २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांकडून ६०,००० रुपये घेऊ शकत होती. सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. पुढील वर्षीच दुसऱ्या निकालाने पैसे भरून घ्यायच्या जागांना वाट करून दिली. आज ते आकडे वाचून पालक हसतील, इतके शुल्क चढले आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये डॉक्टराला कर्जातून सोडवले. आम्ही त्याला पदवी मिळण्याआधीच कर्जात बांधतो आणि मग ‘खेड्यात जा, त्याग कर’ म्हणून प्रवचन देतो! कर्नाटकाने २०१२ मध्ये वैद्यकीय पदवीधरांना सक्तीच्या सेवेचा कायदा केला. सक्तीने एका वर्षाचा डॉक्टर मिळेल. गावाला ओळखणारा डॉक्टर त्यातून मिळत नाही.

या भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रस्तुत लेखकाने एक सकाळ काढली. डॉक्टर कंत्राटी, वयाने तिशीच्या आतला, शेजारच्या केंद्राचाही भार त्याच्याच अंगावर. राहण्याच्या खोलीचे छप्पर गळके, म्हणून तो रोज बसने येई-जाई. एका आदिवासी बाईला त्याने कन्नडात काही विचारले. तिने आपल्या बोलीत उत्तर दिले. नर्सबाईने ते कन्नडात आणले. आणि त्याने ते इंग्रजीत टिपले. तीन भाषांचा प्रवास करून त्या बाईचा ताप कागदावर पोचला, तेव्हा तो कोणत्या बाजूने किती झिजला असेल, याचा अंदाज भाषांतराचे काम करणारालाच येईल. (डॉ. अनुपमा निरंजन यांनी ‘तायी-मगु’सारखी पुस्तके कन्नडात लिहून आईला तिच्याच भाषेत वैद्यक सांगितले, ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली पाहिजे.) बाई उठताना डॉक्टराच्या पाया पडली. तो ओशाळला. पाया पडण्याजोगे काही घडले नव्हते; तिचा जो हक्क होता त्याचा एक तुकडा तिला मिळाला होता. कन्नडात मोफत रुग्णालयाला ‘धर्मास्पत्रे’ म्हणतात, मराठीत आपण ‘धर्मादाय दवाखाना’ म्हणतो. धर्म म्हणून मिळालेल्या उपचाराबद्दल तक्रार करता येत नाही. औषध नसले तर निमूटपणे घरी जावे लागते.

हक्काची भाषा या देशाला ठाऊक नव्हती, असे नव्हे. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीने, कर्नल सोखी यांच्या अध्यक्षतेखाली, स्वातंत्र्याच्या आधीच दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक मागितला होता. हे सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. १९४६ मध्ये भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले आणि सरकारी डॉक्टरांची खासगी प्रॅक्टिस बंद करण्यास सांगितले. ऑक्सफर्डचे जॉन राइल आणि सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेचे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट यांचा सल्ला तिने घेतला होता. बेव्हनची योजना आणि भोर यांची योजना एकाच काळातील. तेथे ती कायदा झाली, येथे ग्रंथालयात गेली. भोर समितीचे एक मत मात्र राज्यकर्त्यांनी तत्परतेने उचलले : कमी मुदतीचा लायसेंशिएट अभ्यासक्रम बंद करणे. समितीतील काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला होता, आणि आमच्या मते ते बरोबर होते. खेड्यात जाणारा एल.एम.पी. डॉक्टर संपला, त्याच्या जागी जायचा तो पदवीधर शहरात राहिला.

सोखींचा ‘हजारामागे एक’ सेवक अखेर २००५ मध्ये आला, पण कसा? ‘आशा’ या नावाने, स्त्रीच्या रूपात आणि पगाराविना. तिला स्वयंसेविका म्हणायचे, कामागणिक मोबदला द्यायचा आणि साथ आली की सर्वांत आधी पुढे ढकलायचे. त्याग करणारा डॉक्टर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या व्यवस्थेला त्याग करायला लावता येतील अशा लाखो बायका मिळाल्या. त्या बायकांनी मात्र देवी होण्याचे नाकारले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशांनी संप केला; जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये ठाण मांडून बसल्या.

‘पैसा कोठून आणायचा?’ हा प्रश्न आता येणारच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. सरकारचेच राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात की २०२१-२२ मध्ये, म्हणजे ऐन महामारीत, तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोक आपल्या खिशातून भरत होते. तो खिसा कोणाचा, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आणि पैशाच्या सबबीला उत्तर कबिनी नदीच्या वरच्या अंगालाच आहे. ही नदी केरळच्या वायनाडमधून हेग्गडदेवनकोट्यात उतरते. बावलीची सीमा ओलांडली की तेच जंगल, तसेच आदिवासी; पण त्या राज्याने २०१७ पासून ‘आर्द्रम’ मोहिमेत प्राथमिक केंद्रांचे रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत करायला घेतले, माणसे वाढवली आणि बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. तेथील आदिवासींचे सर्व प्रश्न सुटले असे म्हणणे खोटे ठरेल. पण संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या मजुराला दवाखाना उघडा सापडणे ही काही थोडी गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, तुम्हाला त्यागाचे वावडे आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांना आपले मानणाऱ्यांवर हा आरोप चिकटत नाही. १९३८ मध्ये ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. चित्रपटाने त्यांना एकट्याची अमर कहाणी करून टाकले. वास्तवात ते आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात, एका संघटित आरोग्यव्यवस्थेचा भाग म्हणून काम करीत होते, आणि त्यांच्या मागे ते रुग्णालय चालू राहिले. म्हैसूरच्या सेवाभावी डॉक्टरांचे मत तरी याहून निराळे कोठे आहे? कर्नाटक सरकारने १९९९ मध्ये नेमलेल्या आरोग्यविषयक कृतिदलाचे अध्यक्ष डॉ. सुदर्शनच होते. २००१ च्या आपल्या अहवालाच्या शीर्षकातच त्या दलाने समता, गुणवत्ता आणि सचोटी हे शब्द घातले. पुढे लोकायुक्तांच्या कार्यालयात राहून सुदर्शन यांनी आरोग्यखात्यातील लाचखोरीवर बोट ठेवले. त्यांना पद्मश्री देणाऱ्यांनी त्यांचे हे लिखाणही वाचायला हवे होते.

त्या अहवालानंतर वीस वर्षांनी, २०२१ च्या मे महिन्यात, त्याच बिळिगिरीरंगन टेकड्या ज्या जिल्ह्यात येतात त्या चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात प्राणवायू संपला. साठा तोकडा होता आणि पुरवठ्यासाठी म्हैसूरकडे डोळे लावावे लागत होते. २ मेची रात्र उजाडेपर्यंत २४ रुग्ण गेले. दोन जिल्ह्यांचे अधिकारी दोष कोणाचा यावर भांडत राहिले. चौकशी समित्या बसल्या. त्या रात्री वॉर्डात डॉक्टर होते, नर्स होत्या, आणि सिलिंडर रिकामे होते.