चार बोटांचे योजन

आमच्या सुशिक्षित मंडळींत एक छंद बराच बळावला आहे. प्राचीन ग्रंथांतील एखादा आकडा उचलावा, त्यास सोयीच्या परिमाणाने गुणावे-भागावे, आणि उत्तर आधुनिक शास्त्राशी जुळताच ‘आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते’ अशी दवंडी पिटावी. पृथ्वीचे माप हा ह्या मंडळींचा विशेष लाडका विषय. हा छंद निरुपद्रवी समजून पुष्कळांनी त्याकडे काणाडोळा केला. आम्हांस तसे करवत नाही. कारण ह्यात शास्त्राची हानी होते ती होतेच, पण त्याहून अधिक हानी पुराणांची होते.

प्रथम हिशेबच पाहू. विष्णुपुराणात पृथ्वीचा विस्तार 50 कोटी योजने सांगितला आहे. तिचा खरा परिघ सुमारे 40,000 किलोमीटर. हे दोन आकडे जुळवावयाचे तर एक योजन आठ सेंटिमीटरांचे, म्हणजे चार बोटांचे, मानावे लागेल! असले योजन चालून जाण्यास मुंगीच हवी.

मग पुराणातील आकडा खोटा काय? मुळीच नव्हे, तो मोजणीचा आकडाच नव्हे. सृष्टिकथांत देव पृथ्वी मापतात ते तिची लांबी कळावी म्हणून नव्हे, तर अफाटास सीमा पडावी आणि माणसास उभे राहावयास जागा व्हावी म्हणून. ऋग्वेदात वरुण सूर्याचा मानदंड करून पृथ्वी मापतो. बाबिलोनच्या कथेत मर्दुक तिआमतचा देह दुभंगून सृष्टी रचितो आणि अप्सूचे माप घेऊन देवांचे घर उभारितो. किचे माया लोकांच्या पोपोल वूहमध्ये आकाश व पृथ्वी दोरी ताणून आखली जातात. चार बाजू, चार कोपरे, जणू मक्याचे शेतच. यहुद्यांच्या ईयोबाच्या ग्रंथात ईश्वरच माणसास विचारितो की, पृथ्वीवर सूत्र कोणी धरिले? चीनच्या ‘ह्वाइनान्झी’त यू राजाचे दोन सेवक पृथ्वी पावलांनी मोजतात: पूर्व-पश्चिम 2,33,500 ली आणि 75 पावले, दक्षिणोत्तरही नेमकी तितकीच. त्या 75 पावलांवरून ज्यास भूमापन आठवेल, त्याने ही तंतोतंत समानताही पाहावी. तेथे सांगावयाची आहे ती सृष्टीची समतोल घडण.

खऱ्या मोजणीची रीत निराळी. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त परिघ 4,967 योजने दिला, आणि रीतही दिली: दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरांच्या अक्षांशांतील फरक घ्यावा, त्यांमधील अंतर घ्यावे आणि त्रैराशिक मांडावे. ग्रहणे, छाया व उदयास्त ह्याच मापाने जुळतात, अन्याने नव्हे, असेही ते बजावितात. पुराणांतील कोट्यवधी योजने त्यांस ठाऊक नव्हती काय? तरी त्यांनी ती गणितात घेतली नाहीत, आणि म्हणून त्यांस कोणी धर्मद्रोही म्हटले नाही. पुढे 1802 साली मद्रासेत आधाररेषा मोजून निघालेला विल्यम लॅम्टन 1823 मध्ये आमच्या हिंगणघाटास देह ठेविता झाला, तोही मोजणीच्याच कामावर. अशा श्रमांचे फळ घरबसल्या एका गुणाकाराने पूर्वजांच्या नावे चढविणे हा पूर्वजांचा गौरव खास नव्हे.

‘पण मुलांच्या मनात स्वाभिमान तर उपजतो!’ असे कोणी म्हणेल. उपजतो खरा, पण टिकतो किती? योजन रबरासारखे ताणले होते, हे त्या मुलास कॉलेजात कळते, त्या दिवशी तो गुणाकारासह पुराणही फेकून देतो. आणि मग आम्हीच नव्या पिढीच्या अश्रद्धेबद्दल गळा काढितो!

पुराण पुराण म्हणून वाचावे, गणित गणित म्हणून करावे. वामनाच्या तिसऱ्या पावलाखाली बळीने आपले मस्तक दिले. ते पाऊल किती इंचांचे होते, असे विचारणारास ती कथा कधीच कळली नाही.