अठ्ठावीस बाजूंची वेस

१९५७ साली अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या विधिमंडळाने टस्कीगी या लहानशा गावाची हद्द नव्याने आखली. तोवर गावाची वेस साधी, चौकोनी होती. नव्या कायद्याने तिला अठ्ठावीस बाजू आल्या. एवढा खटाटोप कशासाठी, हे मतदारयादी समोर ठेवली की कळत होते. गावातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच जण वगळता सारे या नव्या हद्दीमुळे गावाबाहेर पडले. गौरवर्णीय मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. माणसे जागची हलली नव्हती, घरे हलली नव्हती, वेस हलली होती. कायद्याच्या मजकुरात वर्णाचा साधा उल्लेखही नव्हता. अन्याय जेव्हा सुशिक्षित होतो, तेव्हा तो अशीच सभ्य भाषा वापरतो.

पुढे तेरा वर्षांनी, १९७० साली, त्याच टस्कीगीच्या मतदारांनी त्याच विधिमंडळावर एका कृष्णवर्णीय वकिलाला निवडून पाठविले. ही वेस न्यायालयात मोडून काढणारा वकील तोच होता. त्याचे नाव फ्रेड ग्रे.

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याचे नाव निघाले की मार्टिन ल्यूथर किंग यांचे वक्तृत्व आठवते, रोझा पार्क्स यांचा नकार आठवतो. ते योग्यच आहे. परंतु आंदोलनाला जसा चेहरा लागतो, तसे दप्तरही लागते. वकीलपत्र घेणारा, अर्जाचा मसुदा करणारा, तारखांना हजर राहणारा आणि निकालपत्राची प्रत हाती येईपर्यंत न उठणारा कोणी तरी मागे बसलेला असावा लागतो. ग्रे यांनी हे काम आयुष्यभर केले.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९३० रोजी अलाबामाची राजधानी माँटगोमेरी येथे झाला. दोन वर्षांचे असतानाच वडील गेले. आईने परक्यांच्या घरी स्वयंपाकपाणी करून मुलांना वाढविले. नॅशव्हिलच्या एका ख्रिस्ती शाळेत शिकताना ते बालवयातच प्रवचनकार म्हणून गावोगाव फिरले. पुढे माँटगोमेरीच्या महाविद्यालयात शिकताना रोज बसने ये-जा करावी लागे आणि त्या बसमध्ये कृष्णवर्णीयांची होणारी अवहेलना रोज पाहावी लागे. वकील व्हायचे हा निश्चय तिथेच झाला. मात्र अलाबामात कृष्णवर्णीयांना कायद्याच्या शिक्षणाची दारे बंद होती. अशा विद्यार्थ्याने परराज्यात जाऊन शिकावे, शुल्कासाठी राज्य मदत करील, अशी ती व्यवस्था. आपल्या विद्यापीठात पाऊल पडू नये म्हणून पदरचे पैसे मोजणारे हे सरकार! ग्रे ओहायो राज्यातील क्लीव्हलंडला गेले, १९५४ साली पदवी घेतली, आणि उत्तरेत सुखाने वकिली करण्याची वाट मोकळी असतानाही अलाबामाची सनद मिळवून माँटगोमेरीला परतले. त्यांचे सारे कर्तृत्व या परतण्यात आहे.

मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीला बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. तिचे वकीलपत्र ग्रे यांनी घेतले. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्या दिवशी दुपारचे जेवण दोघांनी एकत्रच घेतले होते. ग्रे यांचे वय तेव्हा चोवीस. पुढे ३८१ दिवस चाललेला बस-बहिष्कार जगाला ठाऊक आहे. पण बहिष्काराने बसकंपनीचा गल्ला रिकामा झाला, तरी कायदा रद्द झाला नव्हता. तो रद्द व्हावा यासाठी ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी केंद्रीय न्यायालयात ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा दावा दाखल केला. यात त्यांनी रोझा पार्क्स यांना वादी केले नाही, हे विशेष. त्यांच्यावर राज्याच्या न्यायालयात फौजदारी खटला चालू होता. तो मध्ये आणून मूळ प्रश्न तांत्रिक वादात अडकवावा, असे प्रतिपक्षाला वाटले असते. म्हणून ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि ती शाळकरी कोल्व्हिन यांची नावे पुढे आली. सर्वांत प्रसिद्ध नाव हाताशी असताना ते बाजूला ठेवण्याचा संयम कितीजणांकडे असतो?

दावा दाखल होताच वकिलाचीच कोंडी सुरू झाली. वादींपैकी एका स्त्रीने दडपणाखाली माघार घेतली, आणि तिच्या संमतीविना दावा दाखल केल्याचा आरोप ग्रे यांच्यावर ठेवण्यात आला. तो टिकला नाही. धर्मोपदेशक म्हणून सक्तीच्या लष्करभरतीतून मिळालेली सूटही काढून घेण्यात आली. देशाच्या भरतीप्रमुखांनी हस्तक्षेप केला म्हणून ते संकट टळले. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला आणि १३ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. डिसेंबरच्या २१ तारखेला माँटगोमेरीच्या बसमध्ये कोणीही कुठेही बसू लागले.

टस्कीगीचे प्रकरण याहून अवघड होते. तेथील प्रसिद्ध संस्थेतील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नावाने दावा गुदरला गेला. गावाची हद्द ठरविणे हा विधिमंडळाचा अधिकार. त्यात न्यायालयाने पडू नये, असा संकेत होता. बसच्या दाव्यात ज्यांनी ग्रे यांच्या बाजूने कौल दिला, त्याच न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन यांनी हा दावा फेटाळला. अपील न्यायालयातही तेच झाले. सर्वोच्च न्यायालयात तर न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर बसलेले. न्यायालयांनी मतदारसंघांच्या राजकारणात शिरू नये, हे मत १९४६ साली त्यांनीच निकालपत्रात मांडले होते. ग्रे यांनी न्यायालयासमोर गावाचा नकाशा मांडला. चौकोन आणि त्याच्या पोटातील ती वेडीवाकडी अठ्ठावीस बाजूंची आकृती. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यायालयाने एकमताने दावा ग्राह्य धरला आणि ते निकालपत्र लिहिले फ्रँकफर्टर यांनीच. पुढच्या वर्षी जुनी वेस परत आली.

पुढे विद्यार्थ्यांचे, शाळांचे दावे झाले. १९६५ साली सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रेला न्यायालयाचे संरक्षण मिळाले, तो दावाही ग्रे यांचाच. प्रतिवादी होते राज्यपाल जॉर्ज वॉलेस. त्याच वर्षी मतदानहक्काचा कायदा झाला. १९६६ साली ग्रे विधिमंडळाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. १९७० साली पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. त्यांच्यासोबत टॉमस रीड हे दुसरे कृष्णवर्णीय प्रतिनिधीही आले. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरचे पुनर्रचनेचे पर्व संपल्यावर अलाबामाच्या विधिमंडळात कृष्णवर्णीय सदस्य बसले ते हे प्रथमच. ज्या वास्तूत हे सभागृह भरे, तिच्याच दारात १८६१ साली गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी शपथ घेतली होती. १९६३ साली वर्णभेद कायम राखण्याची ग्वाही वॉलेस यांनी दिली, तीही तेथूनच. आणि १९७१ च्या जानेवारीत वॉलेस पुन्हा राज्यपालपदी आले होते.

शंभराहून अधिक सदस्यांच्या सभागृहात दोघांच्या मतांनी विधेयके संमत होत नसतात. ग्रे यांची आमदारकी एकाच कार्यकाळाची ठरली. १९७४ नंतर ते सभागृहात नव्हते. तेव्हा या आमदारकीने साधले काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर गणिती आहे: १९७४ च्या निवडणुकीत, न्यायालयाच्या आदेशाने मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, डझनाहून अधिक कृष्णवर्णीय प्रतिनिधी त्या विधिमंडळात आले. दुसरे उत्तर ग्रे यांच्या वागण्यात आहे. आंदोलनातून आलेल्या अनेकांना सभागृहाची खुर्ची हा प्रवासाचा मुक्काम वाटतो. हार स्वीकारावेत, जुन्या लढ्याच्या आठवणी सांगाव्यात आणि पुढच्या तिकिटाची चिंता करावी. ग्रे यांनी वकिलीचे दप्तर मिटले नाही. ते आमदार असतानाच, जुलै १९७२ मध्ये, एक भयंकर प्रकरण उजेडात आले. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे मेकन काउंटीतील सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालविला होता. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. रोग कसा वाढतो ते पाहायचे म्हणून त्यांना रोगाचे नाव सांगितले नव्हते, आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नव्हते. ही माणसे ग्रे यांच्याच मतदारसंघातील. सभागृहात निषेधाचे भाषण करून मोकळे होता आले असते. त्यांनी १९७३ साली केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला आणि १९७४ अखेर सुमारे एक कोटी डॉलरची तडजोड मिळविली. सरकारच्या वतीने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली, तेव्हा १९९७ साल उजाडले होते.

एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो करणारे सगळेच दुष्ट नसतात. कायद्याने मने बदलत नाहीत, समाजाला वेळ द्यावा, सारे आपोआप जुळून येईल. अलाबामातील सज्जनही हेच म्हणत. त्यात अर्धे सत्य आहे. बसमधील जागा मिळाली म्हणून शेजारी बसणाऱ्याचे प्रेम मिळत नाही. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीला कोठडीत टाकणारा कायदा मनांची वाट पाहत थांबला नव्हता, तो मने बिघडवीतच होता. तो आधी हटवावा लागतो. मने जुळविण्याचे काम त्यानंतर सुरू होते, आणि तेही करावेच लागते. धर्मोपदेशक असलेल्या ग्रे यांना हे दुसरे काम कमी महत्त्वाचे वाटत नव्हते. २००२ साली अलाबामाच्या वकील संघटनेने त्यांना अध्यक्ष केले. त्या पदावर येणारे ते पहिले कृष्णवर्णीय. २०२२ साली देशाचा सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला.

माँटगोमेरीतील ज्या रस्त्यावर त्यांचे बालपण गेले, त्याला जेफर्सन डेव्हिस यांचे नाव होते. २०२१ साली शहराने ते बदलून फ्रेड ग्रे यांचे नाव दिले. अशा जुन्या स्मारकांना हात लावू नये असा कायदा अलाबामाच्या विधिमंडळाने, म्हणजे ग्रे कधी काळी ज्याचे सदस्य होते त्याच विधिमंडळाने, २०१७ साली केलेला होता. त्या कायद्याखाली शहराला २५ हजार डॉलर दंड झाला. शहराने तो भरला आणि नवी पाटी तशीच ठेवली.