गाडी विकली, नाव राहिले



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या भागात जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे सुरू होतात. जीप, मोटारसायकल, क्वचित एखादी मोटारही हात बदलते. सौदा पारावर ठरतो, इसार दिला जातो, बाकीचे पैसे उसाच्या बिलावर. विकणारा म्हणतो, "पैसे पुरे होईस्तवर टी.सी. बुक माझ्याकडं राहू द्या." घेणारा बरे म्हणतो आणि किल्ली घेऊन जातो. दोघांनाही वाटते, व्यवहार चोख झाला.

माझे मत असे, की यात जास्त अडकतो तो विकणारा. ज्याला तो तारण समजतो ते त्याच्याच गळ्यातले लोढणे आहे. कायद्याच्या लेखी मालक कोण, तर आर.टी.ओ. कडे ज्याचे नाव तो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या खटल्यात हेच सांगितले. ती मोटार हातोहात फिरली होती, तरी अपघाताची भरपाई नोंद असलेल्या पहिल्या मालकावर बसली. विमा चालू नसेल तर ही रक्कम घरातूनच द्यावी लागते, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे तिची वसुली होऊ शकते. म्हणजे ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात आणि गदा तुमच्या सात-बारावर!

स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले म्हणून पुष्कळ जण निश्चिंत असतात. तो कागद उद्या भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण त्याने आर.टी.ओ. तले नाव बदलत नाही. त्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने 30 दिवसांत. बँकेचा बोजा असेल तर तो आधी फॉर्म 35 वर उतरवून घ्यावा. विम्यावरचे नावही 14 दिवसांत बदलून मागावे, नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला कंपनी हात वर करते. ट्रॉलीचा नंबर वेगळा असतो, तिची नोंद वेगळी करावी लागते, हे तर निम्म्या लोकांच्या ध्यानातच नसते. सीमाभागातला पाहुणा गाडी कर्नाटकात नेणार असेल तर फॉर्म 28 चा ना हरकत दाखला हवा. आणि वडील वारल्यावर त्यांच्याच नावावर वर्षानुवर्षे चालणारे ट्रॅक्टर? तिथे वारसाने फॉर्म 31 भरून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो.

राहता राहिला बाकी पैशांचा प्रश्न, आणि खरे दुखणे तेच. घेणाऱ्याने बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढून विकणाऱ्याला एकरकमी मोकळे करावे, बोजा आपल्या नावावर घ्यावा. ते जमत नसेल तर पैसे पुरे होईपर्यंत गाडी विकणाऱ्याच्याच दारात राहू द्यावी. भावकीत असे बोलायला जड जाते, हे मलाही ठाऊक आहे. पण वाहतुकीतल्या गाड्यांवर हंगामात रात्रंदिवस ड्रायव्हर बदलत असतात, याचा विचार व्हावा.

आपल्या कारखान्यानेही वाहतुकीचा करार करताना ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या करार करणाऱ्याच्याच नावावर असल्याची खात्री करावी, मगच उचल द्यावी. सुरुवातीला कुरकुर होईल, चार गाड्या कमी लागतील. तरी हा विषय वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने मांडावा असे मला वाटते. तो आम्हा नोकरांनी मांडण्यापेक्षा तुमच्यातून आला तर जास्त बरे.