बुडालेली जपमाळ आणि माझ्या टाळ्या

शेखर कपूर यांचा ‘एलिझाबेथ’ (१९९८) मी किती वेळा पाहिला, याचा हिशेब माझ्याकडे नाही. केट ब्लँचेटचा पांढराफटक रंगवलेला चेहरा मला अजूनही झोपेतून उठवून दाखवता येईल. म्हणून पुढचं लिहितोय ते एका चाहत्याचं गाऱ्हाणं आहे, वैऱ्याचं नव्हे.

पहिला चित्रपट मला का आवडला? त्यातही कॅथलिकांच्या वाट्याला कटकारस्थानंच जास्त आली आहेत. पोपच्या बाजूचा मारेकरी पाद्री तिथेही आहे. पण राणीच्या बाजूचा वॉल्सिंगहॅम काही संत नाही. एका कोवळ्या पोराचा गळा तो शांतपणे चिरतो. शेवटी राणी शत्रूंची मुंडकी उतरवते आणि त्याच वेळी स्वतःमधली बाईही मारून टाकते. केस कापून, चेहऱ्यावर पांढरा लेप चढवून ती दरबारात येते, तेव्हा विजयाचा आनंद होत नाही, पोटात कालवतं. सत्ता माणसाचं काय करते, हे तो चित्रपट सांगत होता.

२००७ मध्ये ‘द गोल्डन एज’ आला. तेच दिग्दर्शक, तीच राणी, तोच जेफ्री रशचा वॉल्सिंगहॅम, शिवाय संगीतात ए. आर. रहमान. स्पेनचं आरमार पेटलं, समुद्रात जपमाळा तरंगू लागल्या, क्रूस तळाशी जाऊ लागले. मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या.

मग २०१८ मध्ये ‘पद्मावत’ पाहायला बसलो. अंधारे महाल, पिंजारलेले केस, मांसाचे लचके तोडणारा खिलजी. आजूबाजूचे लोक ज्या नजरेने पडद्याकडे बघत होते, ती नजर माझ्या ओळखीची होती. काळ्या कपड्यांत, अंधाऱ्या दालनात, पुटपुटत प्रार्थना करणाऱ्या दुसऱ्या फिलिपकडे मी अकरा वर्षांपूर्वी असाच बघत होतो. एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला देवाचं नाव घेणारा अंधार. साचा तोच, फक्त कपडे बदललेले. घरी येऊन ‘द गोल्डन एज’ पुन्हा लावला. या वेळी ती जपमाळ मला तस्बीहसारखी दिसली.

आता मूळ मुद्दा. हा चित्रपट १५८५ पासून सुरू होतो. त्यातली एलिझाबेथ सांगते की, मी माझ्या प्रजेला श्रद्धेसाठी नव्हे, कृत्यासाठी शिक्षा करीन. ऐकायला फार गोड. पण त्याच १५८५ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला की, परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक पाद्री देशात नुसता सापडला तरी तो राजद्रोह. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड. १५८६ मध्ये यॉर्क शहरात मार्गारेट क्लिथरो या बाईवर पाद्रींना घरात लपवल्याचा आरोप आला. तिने न्यायालयात आरोपाला उत्तर द्यायला नकार दिला. तिच्या अंगावर दार ठेवून, वर दगड रचून तिला चिरडून मारलं. फिलिप सज्जन होता असं मी म्हणत नाही, त्याच्या राज्यातलं इन्क्विझिशन काही लपून राहिलेलं नाही. पण दुसऱ्याच्या धर्मांधतेवर झोत टाकायचा आणि आपली झाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट चित्रपटाने गाळली, जी आपल्या कामाची आहे. १५७० मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत केलं. युरोपात एकाकी पडलेली ही राणी मग कुणाकडे वळली? मुसलमान सत्ताधीशांकडे. उस्मानी सुलतान तिसरा मुराद याच्याशी तिचा पत्रव्यवहार होता, १५८० मध्ये इंग्रजांना तिथे व्यापाराची सवलत मिळाली. मोरोक्कोशी व्यापार होता, १६०० मध्ये तिथला राजदूत लंडनला आला. १५८३ मध्ये तर तिने अकबरासाठी पत्र देऊन माणसं धाडली. पोर्तुगिजांनी त्यांना पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकलं. त्या वेळी पोर्तुगालचा, म्हणून गोव्याचाही, राजा हाच फिलिप होता. तिथून निसटून ती बेळगाव, विजापूरमार्गे मुघल दरबाराकडे गेली. म्हणजे त्या काळचं राजकारण ‘आपला धर्म विरुद्ध त्यांचा धर्म’ एवढं सरळ कधीच नव्हतं. गरज पडली की राजे धर्माच्या भिंती ओलांडत होते. भिंती पुन्हा बांधल्या त्या चित्रपटाने.

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. कबूल. पण पुस्तक वाचणारे किती आणि सिनेमा पाहणारे किती? लोकांच्या मनात राजाचा चेहरा पडद्यावरूनच उतरतो, आणि त्या चेहऱ्याचा हिशेब पुढे शेजाऱ्याकडून मागितला जातो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण थांबा. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्या मोहल्ल्यात ‘एर्तुग्रुल’ मालिका रात्र रात्र जागून पाहिली गेली. पहिल्याच हंगामात क्रूसवाले टेम्पलर कपटी, क्रूर आणि आपले सगळे शूर, नेक. आपल्याला खटकलं? उलट पोरांची नावं ठेवली गेली. खिलजी पाहून दुखावणारा आणि टेम्पलर मेला की खूश होणारा माणूस अन्यायाविरुद्ध बोलत नसतो, तो फक्त आपली पाळी मागत असतो.

म्हणून माझी तक्रार मी माझ्या आवडत्या चित्रपटापासून सुरू केली. ‘एलिझाबेथ’ मी पुन्हा पाहीन, हजारदा पाहीन. दुसरा भागही पाहीन, ब्लँचेटसाठी. पण जपमाळ बुडते त्या जागी माझे हात आता मांडीवरच राहतील. जी माळ बुडताना मी टाळ्या वाजवल्या ती माझी नव्हती, एवढंच तिच्या बाजूने बोलायला पुरेसं कारण आहे.