शंकेखोर चाहत्यांच्या बाजूने

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये जानेवारीत हंगाम संपल्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत सामने नसतात, त्यामुळे या काळात प्रशिक्षकांच्या तोंडाला भलताच बहर येतो. पोरं दणकट झाली आहेत, संघात एकजूट आहे, यंदा वेगळंच काही दिसेल, ही त्यांची वार्षिक भाषा. तिच्यावर नाक मुरडणाऱ्या चाहत्याला मात्र सरळ बेइमान ठरवलं जातं. विश्वास ठेवणं हेच त्याचं काम, त्याच्या कुरकुरीने खेळाडूंचं खच्चीकरण होतं आणि होतकरू मुलं दुसऱ्या विद्यापीठात जातात, असं त्याला ऐकवलं जातं. नेब्रास्का विद्यापीठाच्या कहाणीशी ताडून पाहिल्यावर यातलं काहीच टिकत नाही. तिथलं खरं नुकसान शंकेने नव्हे, तर वेळेवर शंका न घेतल्याने झालं, आणि ते चक्क डॉलरमध्ये मोजता येतं.

स्कॉट फ्रॉस्ट हा नेब्रास्काच्या 1997च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. प्रशिक्षक म्हणून त्याने सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला 2017मध्ये 13-0 अशी अपराजित कामगिरी करून दाखवली आणि सात वर्षांच्या, साडेतीन कोटी डॉलरच्या करारावर तो घरी परतला. 2018च्या वसंतात संघाची आपसातली सराव लढत पाहायला 86 हजारांहून अधिक लोक आले. पहिल्या हंगामात चार विजय, आठ पराभव. तरीही 2019च्या हंगामापूर्वी असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत हा संघ 24वा होता. म्हणजे आश्वासनांवर भाळले ते केवळ चाहते नव्हेत, जाणकारही भाळले. त्याच नोव्हेंबरात संघ चार विजय आणि पाच पराभवांवर असताना विद्यापीठाने फ्रॉस्टचा करार 2026पर्यंत वाढवला. मैदानावर कमावलेलं काहीच नव्हतं. वाढ मिळाली ती उद्याच्या भरवशावर. 2021मध्ये संघ नऊ सामने हरला, पण एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. मग नवा सिद्धांत निघाला: हे निव्वळ दुर्दैव, पुढच्या वर्षी पारडं फिरणारच. 2022च्या ऑगस्टमध्ये आक्रमणफळीच्या प्रत्येक सरावात 15-20 उलट्या होतात, असं फ्रॉस्टने रेडिओवर अभिमानाने सांगितलं (उलट्यांवरून संघ जोखण्याची ही पद्धत खास ऑफसीझनमध्येच खपते). पहिल्याच सामन्यात, डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना त्याने छोटी किक मारून चेंडू परत आपल्याकडे घेण्याचा जुगार खेळला. तो फसला आणि संघ 31-28 असा हरला. सप्टेंबरमध्ये फ्रॉस्टला काढलं तेव्हा त्याची एकूण कामगिरी 16 विजय आणि 31 पराभव अशी होती. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. विद्यापीठाने तेवढे तीन आठवडेही थांबायचं नाकारलं.

आता निष्ठेचा मुद्दा. नेब्रास्काच्या, लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 1962पासून सलग सगळी विकली जात आहेत, पडत्या वर्षांतही. संघ जिंको वा हरो, पैसे मोजणाऱ्याला बेइमान म्हणायला जीभ तरी कशी धजावते? खुर्च्या रिकाम्या ठेवून नाराजी दाखवायची वाट त्याने स्वतःच बंद केली आहे, तेव्हा संशय एवढं एकच हत्यार त्याच्या हातात उरतं. होतकरू खेळाडूंचं म्हणाल तर त्यांनाही गुणफलक वाचता येतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मिशिगन विद्यापीठाच्या उदाहरणाचा आहे. तिथला प्रशिक्षक जिम हार्बॉ याचा संघ 2020मध्ये सहापैकी चार सामने हरला. पुढच्या जुलैत त्याने प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला हरवू, नाहीतर त्या प्रयत्नात मरू, असं जाहीर केलं. तोवर तो त्यांच्याकडून पाचही वेळा हरला होता, त्यामुळे लोक हसले. नोव्हेंबरात मिशिगन 42-27 असं जिंकलं. मग शंकेखोर तोंडावर आपटले नाहीत का? भाकितापुरते आपटले, हे मान्य. पण त्या विजयाआधी काय घडलं तेही पाहायला हवं. हार्बॉचा पगार जवळजवळ निम्मा झाला, सहायकांची मोठी उलथापालथ झाली, बचावाची सूत्रं बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून आणलेल्या माइक मॅकडोनाल्डकडे गेली. सगळे टाळ्याच वाजवत असते तर यातलं काय घडलं असतं? पगार फ्रॉस्टचाही कापला गेला आणि सहायकही बदलले, हे खरं. पण ते चौथ्या हंगामाच्या शेवटी, मुदतवाढीची भेट देऊन दोन वर्षं उलटल्यावर. शिवाय दोन्ही प्रशिक्षकांनी उन्हाळ्यात सांगितलेलं जवळपास सारखंच होतं. बोलण्यावरून खरा-खोटा ओळखता येत नसेल, तर निकाल लागेपर्यंत संशय राखून ठेवण्यात गैर काय?

फ्रॉस्टनंतर आलेला मॅट रूल बेलर विद्यापीठाच्या संघाला 1-11वरून दोन वर्षांत 11-3वर नेणारा, त्यामुळे तिसऱ्या वर्षी संघ उसळी घेणार हे लिंकनमध्ये अनेक जण धरूनच चालले होते. 2025च्या ऑक्टोबरअखेर सहा विजय आणि दोन पराभव अशी स्थिती असताना विद्यापीठाने त्याचा करार 2032पर्यंत वाढवला. त्यानंतरच्या पाच सामन्यांपैकी चार नेब्रास्का हरलं.